पतसंस्थेत संचालक झालोय; भीड आडवी येते तिथं काय करायचं?

गोदाकाठ
रामराम मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं खत-बियाणांचं दुकान आहे. मागच्या निवडणुकीत गावातल्या नागरी पतसंस्थेवर संचालक म्हणून निवडून आलो. उभा राहिलो तेव्हा मनात एवढंच होतं की आपल्या गावची संस्था आहे, नीट चालावी.

येत्या २४ मार्चला मासिक सभा आहे. विषयपत्रिकेत ‘कर्ज नूतनीकरण’ असा एक विषय आहे, त्यात ११ फायली. परवा संस्थेत बसून एकेक वाचली. एका फाईलवर १८ लाखांचं कर्ज, दोन वर्षांत एक हप्ता नाही. आता त्याच माणसाला २१ लाख मंजूर करायचे, त्यातून जुनं खातं भरून घ्यायचं आणि ३१ मार्चला खातं स्वच्छ दाखवायचं. म्हणजे आपण ज्याला नवं-जुनं म्हणतो ते. व्यवस्थापक म्हणाले, “मालक, हे दरसाल होतंय. तुम्ही फक्त सही करा.”

कर्जदार माझ्या मावसभावाचे सासरे आहेत. निवडणुकीत त्यांच्या वाड्यावरची सगळी मतं मला पडली.

त्याच विषयपत्रिकेत शेवटी वसुलीचा विषय आहे. बसस्टँडसमोर चहाचा गाडा लावणाऱ्या एका विधवा बाईंचं ४० हजारांचं कर्ज. दोन हप्ते मागे पडलेत. त्यांना सहकार कायद्याच्या कलम १०१ची, म्हणजे वसुलीची नोटीस काढायची म्हणतात.

हे दोन कागद एकमेकांशेजारी बघितले आणि त्या रात्री झोप लागली नाही. व्यवसायात नीतीनं वागावं हे सगळ्यांनाच पटतं. पण पतसंस्थेत ते प्रत्यक्षात आणायचं म्हणजे नेमकं काय करायचं? ज्यांनी हे जवळून बघितलंय त्यांनी सांगा.

मोंढ्यातला
सही करू नका. बाकीचं नंतर बोलू.

औसेकर
मोंढ्यातला, सांगणं सोपं हाय भाऊ. आमच्या लातूरकडं बी दरसाल हेच करलालेत, आन ते करणारे सगळेच चोर नाहीत. समजा ती अकरा खाती थकीत दाखवली. मग बुडीत कर्जापायी नफ्यातून तरतूद करावी लागती, नफा बसतो, लाभांश बंद होतो, ऑडिटचा वर्ग ‘अ’चा ‘क’ होतो. गावात कुणकुण लागली की आठ दिवसांत ठेवीदारांची रांग. चांगली चाललेली संस्था एका खऱ्यापायी बसली तर त्या चहावाल्या बाईची बी ठेव गेलीच की. गोदाकाठ, घाई करू नका. एकदम सगळं उघडं करणं हे बी जबाबदारीचं काम नाही.

तेरीज
मी सहकार खात्यात लेखापरीक्षणाचं काम केलं, आता निवृत्त आहे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतली दप्तरं हातांखालून गेली. औसेकर म्हणतात ती भीती खोटी नाही, पण ती अर्धीच गोष्ट आहे.

नवं-जुनं केलं की काय होतं ते पैशाच्या भाषेत बघा. न आलेलं व्याज जमा धरलं जातं. त्यातून नफा दिसतो. त्या नफ्यावर लाभांश वाटला जातो, कायद्याने १५ टक्क्यांपर्यंत वाटता येतो. पण कर्जदाराने तर दमडी भरलेली नाही. मग लाभांशाचे पैसे आले कुठून? ठेवीदाराच्या ठेवीतून. म्हणजे चहावाल्या बाईच्या बचतीतून भागधारकाला बक्षिसी. दुसऱ्या वर्षी १८चे २१, मग २५, मग ३०. खातं कधीच थकत नाही आणि कधीच फिटत नाही. मी बुडालेल्या संस्था पाहिल्या त्यांच्यातल्या बहुतेकींचं दप्तर शेवटच्या मार्चपर्यंत सुंदर होतं.

ओळखायचं कसं, तर ३० आणि ३१ मार्चची व्हाउचरं काढा. मोठा रोख भरणा दाखवलेला असतो, आणि त्याच दिवशी किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तेवढीच उचल. दोन्ही चिठ्ठ्यांवर हस्ताक्षर एकच. एवढी रोकड मोजायला रोखपालाला दुपार लागली असती. तिथं पाच मिनिटांत काम झालेलं असतं.

आणि गोदाकाठ, संचालक झाल्यावर कायद्याने काय अंगावर येतं तेही बघा. मंडळाच्या निर्णयांना सगळे संचालक एकत्रितपणे आणि वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतात. उद्या चौकशी लागली आणि कलम ८८ खाली नुकसान ठरलं, तर वसुली तुमच्या दुकानावर आणि शेतावरही येते. “मी फक्त सही केली” हे उत्तर तिथं चालत नाही. विरोध असेल तर तो इतिवृत्तात लिहून घ्या. बाहेर चहाच्या टपरीवर बोललेला विरोध कुठल्याच कागदावर नसतो.

पैठणकर
आमच्या गावाला हे नवं नाही. एकनाथ महाराज देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे हिशोबाच्या कामावर होते. एका रात्री एका पैचा फरक लागेना. रात्रभर दिवा लावून वह्या चाळल्या, आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी मागे उभे होते. एका पैच्या चुकीसाठी एवढा आनंद, तर संसारातली केवढी मोठी चूक सापडल्यावर किती होईल, असं ते म्हणाले. लहानपणी आजी ही गोष्ट सांगायची. मला वाटतं, पतसंस्थेच्या प्रत्येक संचालकाने ही गोष्ट मनात धरून दप्तराला हात लावावा.

शाखेतला माणूस
पैठणकर, गोष्ट माझ्याही आवडीची आहे. पण मी पंधरा वर्षं पतसंस्थेत नोकरी करतो आणि सांगतो: आमचा हिशोब रोज पैपर्यंत जुळतो. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय आम्ही घरी जात नाही. पाच रुपये कमी आले तर रोखपाल स्वतःच्या खिशातून घालतो. आणि त्याच वहीत २० लाखांचं बनावट कर्ज अगदी पैपर्यंत जुळलेलं असतं. जुळणं वेगळं आणि खरं असणं वेगळं.

इथं सगळे संचालकांबद्दल बोलताहेत म्हणून कर्मचाऱ्यांचंही सांगतो. अध्यक्षांचा फोन येतो, “अमुक माणूस येतोय, त्याला आज पाच लाख देऊन टाका, फाईल नंतर करू.” पैसे आधी जातात, अर्ज मागून येतो, जामीनदारांच्या सह्या त्याहून मागून. आमचा पगार दहा-बारा हजार. नाही म्हणालो तर उद्यापासून दुसऱ्या शाखेत, घरापासून चाळीस किलोमीटरवर. मी एकदा नाही म्हणालो होतो. आठ महिने रोज एसटीने जाऊन आलो. मुलगी तेव्हा दहावीला होती.

गोदाकाठ, तुमच्या व्यवस्थापकावर रागावू नका. “दरसाल होतंय” हे तो तुम्हाला सांगतोय, म्हणजे कदाचित कुणीतरी थांबवावं अशी त्याचीही इच्छा असेल. सभेआधी त्याच्याशी एकट्याने बोला. आणि नीतीचा पहिला ठराव करायचा असेल तर हा करा: मंजुरीच्या कागदावर सह्या झाल्याशिवाय एक रुपया खात्यातून जाणार नाही आणि तोंडी आदेश पाळला नाही म्हणून कुठल्याही कर्मचाऱ्यावर कारवाई होणार नाही. लेखी.

गोदाकाठ
शाखेतला माणूस, हे मला सुचलंच नव्हतं. उद्या बोलतो त्यांच्याशी.

पिग्मीताई
मी इथं कधी लिहीत नाही, नुसती वाचते. आज लिहिते.

माझे मालक वारले तेव्हा पोरं लहान होती. शेजारच्या सरांनी एका पतसंस्थेत पिग्मीचं काम मिळवून दिलं. नऊ वर्षं केलं. सकाळी नऊला मोंढ्यातून सुरुवात, मग भाजीमंडई, मग कासार गल्ली, मग बसस्टँड. कुणाचे वीस रुपये, कुणाचे पन्नास, हमालांचे दहा सुद्धा. पावसात मशीन पदरात गुंडाळून फिरले. मला कमिशन मिळायचं, त्यावर घर चाललं, हे मी नाकारत नाही.

कासार गल्लीतल्या एक मावशी होत्या. रोज पन्नास रुपये. एक दिवस चुकला नाही. नातीच्या लग्नासाठी साठवत होत्या. कधी गिऱ्हाईक नसलं तर म्हणायच्या, “थांब बाई, बोहनी होऊ दे, मग नेशील.” मी थांबायचे. चहा व्हायचा.

एका सोमवारी संस्थेला कुलूप होतं. अध्यक्षांचा फोन बंद. त्यांच्या घरासमोर पोलीस उभे. लोक तिथं गेले नाहीत, माझ्या घरी आले. साहजिक आहे, त्यांनी अध्यक्षांचं तोंड कधी बघितलंच नव्हतं, माझं रोज बघितलं होतं. मावशी आल्या आणि उंबऱ्यात बसल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “तुझ्याकडं बघून दिले होते गं.”

एवढंच म्हणाल्या. मला अजून ऐकू येतं.

दागिने मोडून मी पाच जणांचे पैसे थोडे थोडे दिले. सगळ्यांचे देणं माझ्या हातात नव्हतं. आता मी शाळेत खिचडी शिजवायला जाते. मंडईतून जाताना अजून मान खाली जाते, तरी चूक माझी नव्हती हे मला कळतं.

भाऊ, तुमच्या संस्थेत जे पिग्मी एजंट असतील त्यांना वर्षातून एकदा तरी मंडळासमोर बसवा आणि संस्थेचा खरा ताळेबंद समजावून सांगा. लोक आमच्या तोंडावर पैसे देतात. निदान आम्ही कशावर विश्वास ठेवायला सांगतोय ते आम्हाला तरी माहीत असावं.

मोंढ्यातला
ताई, माझी मोंढ्यात आडत आहे. तुम्ही म्हणता तसे हमाल माझ्याच दुकानासमोर बसतात. मान खाली घालू नका.

बालाघाट
बीडचा आहे. आमच्या जिल्ह्यानं गेल्या काही वर्षांत काय बघितलं ते पेपरात आलेलंच आहे, मी पुन्हा नावं घेत नाही. ऊसतोड करून आलेल्यांचे पैसे त्यात होते, निवृत्त मास्तरांचा फंड होता, पोरीच्या लग्नाचे होते. वडिलांचे पण होते.

एक गोष्ट लोकांना नीट माहीत नाही म्हणून लिहितो. आम्ही तक्रार घेऊन सहायक निबंधकांकडं गेलो. ते म्हणाले, “ही मल्टिस्टेट आहे, आमच्या अखत्यारीत नाही.” खरंच नव्हती. राज्यातल्या पतसंस्थेला १९६०चा महाराष्ट्राचा कायदा, आणि एकाहून जास्त राज्यांत काम दाखवलं की २००२चा केंद्राचा कायदा. तिथला निबंधक दिल्लीत. केजच्या माणसानं दिल्लीला कसं जायचं? २०२३ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन सहकार लोकपालाची तरतूद आली, ते चांगलंच झालं. पण आमचं तोवर होऊन गेलं होतं.

दुसरं असं की बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो १ लाखाचा ५ लाख झाला. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा लागू नाही. वडिलांना कुणीतरी सांगितलं होतं, “पाच लाखांपर्यंत सरकारची हमी हाय.” सांगणारा संस्थेचाच माणूस होता. ह्याला मी पहिली अनीती म्हणतो. नवं-जुनं नंतर, आधी हे.

गोदाकाठ, संस्थेच्या दारात पाटी लावा, मोठ्या अक्षरात: इथल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नाही. लावाल का?

औसेकर
बालाघाट, अशी पाटी लावल्यावर ठेव ठेवायला येणार कोण?

बालाघाट
जो वाचून येईल तो येईल. मपल्या बापाला वाचायला तरी मिळालं असतं.

उदगिरी
ठेवीदारांचंही थोडं बोलू या. बँक साडेसहा-सात देत असताना कुणी बारा-तेरा टक्के देतो म्हणाला, तर तो ते पैसे कुणाला किती टक्क्यांनी देणार, हे आपण कधी विचारतो का? अठरा-वीस टक्क्यांनी कर्ज घ्यायला कोण तयार होतं? ज्याला दुसरीकडं कुठंच मिळत नाही तो. आमच्या घरीही हाच मोह झाला होता. सुदैवाने थोडक्यात वाचलो.

पिग्मीताई
उदगिरी दादा, व्याजाचं खरं आहे. पण आमच्या मावशी व्याजासाठी आल्या नव्हत्या. बँकेत त्यांचा अंगठा जुळत नाही म्हणून तीनदा परत पाठवलं होतं. पतसंस्थेत बसायला खुर्ची मिळायची.

उदगिरी
ताई, बरोबर आहे. हे माझ्या लक्षात आलं नाही.

आसना
नांदेडला वाणिज्य शिकवते. दर वर्षी सहकाराच्या तासाला इंग्लंडातल्या रॉचडेल गावी सहकारी दुकान काढणारे २८ जण आणि १८४४ साल शिकवते, म्हणून मूळ गोष्टीकडे जरा वळते.

रॉचडेलच्या दुकानाची प्रतिज्ञा होती शुद्ध माल, पूर्ण माप आणि रोखीचा व्यवहार. उधारी नाहीच, कारण उधारीने गरीब माणूस दुकानदाराचा बांधील होतो हे त्यांनी भोगलेलं होतं. पतपुरवठ्याचा सहकार उभा राहिला तो जर्मनीत, रायफायझन यांनी खेड्यांत काढलेल्या संस्थांमधून. त्यांची अट होती की संस्था एका छोट्या परिसरापुरती असावी, म्हणजे सगळे एकमेकांना ओळखतील. कोण कष्टाळू, कोण उधळ्या, हे कागदाशिवाय कळेल. आपल्याकडे १९०४चा पतसंस्थांचा पहिला कायदा आला तोही त्याच धर्तीवर.

ओळख हेच तारण, असा तो विचार. आणि माझं म्हणणं असं की मराठवाड्यात ह्याच ठिकाणी गाडं अडतं. आपल्याकडे ओळख म्हणजे माहिती कमी आणि भीड जास्त. रायफायझनच्या गावात ओळखीमुळे चुकीच्या माणसाला नाही म्हणता यायचं, आपल्या गावात ओळखीमुळेच नाही म्हणता येत नाही. सोयरा आहे, त्याच्या बापाने आपल्या बापाला दुष्काळात ज्वारी दिली होती, लेकीचं सासर तिकडचं आहे. भीड भिकेची बहीण हे आपणच म्हणतो. गोदाकाठ यांच्या पोस्टमध्ये लोभ कुठेच दिसत नाही. आहे ती भीड. म्हणून उपायही भिडेवरचा हवा. चांगला माणूस शोधून त्याला खुर्चीवर बसवलं की झालं, असं नाही. त्या चांगल्या माणसाला “मी नाही म्हणत नाही, नियम नाही म्हणतो” असं म्हणता आलं पाहिजे, असा नियम करून ठेवायचा.

शाखेतला माणूस
आसना मॅडम, हे अगदी खरं. आमच्याकडे “नियमात बसत नाही” म्हटलं तर लोक ऐकतात. “मी देत नाही” म्हटलं की वैर.

काळी माती
वसुलीचं कुणीच नीट बोललं नाही, म्हणून लिहितो.

आमच्या वडिलांनी विहिरीसाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं. विहिरीला पाणी लागलं नाही. मग २०१५ आन १६ ही दोन वर्षं तर सगळ्यांना माहीत आहेत, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ती वर्षं. हप्ते थकले. एका दिवशी संस्थेची माणसं हलगी घेऊन घरासमोर आली. तासभर वाजवली. वडील घरातच होते. मी बारावीला होतो, अभ्यासाला बसलो होतो. वडील काहीच बोलले नाहीत, उठून गोठ्यात गेले आन बैलाला खाजवत उभे राहिले.

कर्ज नंतर फेडलं. मी नोकरीला लागल्यावर पहिल्या दोन वर्षांत सगळं. पण वडील पुन्हा त्या गल्लीनं कधी गेले नाहीत.

आन ह्याच संस्थेचे जे मोठे थकबाकीदार होते, बंगलेवाले, त्यांच्या घरापुढं हलगी वाजलेली मी कधी ऐकली नाही.

मोंढ्यातला
काळी माती, तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. तरी मी हलगीच्या पूर्ण विरोधात नाही. माझ्या ओळखीच्या एका माणसाने कर्ज थकवून नवी चारचाकी घेतली आणि जामीनदार म्हणून एका शिक्षकाचा पगार कापला गेला, चार वर्षं. कायद्याने जामीनदाराकडून थेट वसुली करता येते, संस्थेने सोपी वाट धरली. तिथं त्या गाडीसमोर हलगी वाजली असती तर मला आनंद झाला असता.

काळी माती
मग आधी ठरवा की ह्याला येत नाही का हा देत नाही. दोन्हीला एकच हलगी लावू नका.

तेरीज
काळी माती यांनी सगळ्यात कठीण गोष्ट एका ओळीत सांगितली. आता कायद्याचं एवढंच सांगतो की १०१चा दाखला मिळाला की जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते, जप्तीपर्यंत. एवढं हत्यार हातात असताना हलगी लागत नाही. हलगी लागते ती जिथं दाखला बजावायची हिंमत नाही तिथं, आणि मग ती गरिबाच्या दारातच वाजते. मी स्वतः एका संस्थेला सुचवलं होतं की नोटिशीआधी एक संचालक आणि एक कर्मचारी कर्जदाराच्या घरी जाऊन अर्धा तास बसोत, एका पानाचा अहवाल लिहोत: पीक काय, घरात आजारपण आहे का, किती भरू शकतो. त्यांनी दोन वर्षं केलं. वसुली वाढली. पुढं मंडळ बदललं आणि ते बंद पडलं, ह्याची हळहळ वाटते.

उदगिरी
वार्षिक सभेचा विषय निघाला नाही अजून. आमच्याकडं ३० सप्टेंबरच्या आत सभा होते. मंगल कार्यालय, सगळ्यांना स्टीलचा डबा. अध्यक्ष “विषय क्रमांक चार” म्हणेपर्यंत पाठीमागून “मंजूर, मंजूर!” मागच्या वर्षी माझ्या आईने उभं राहून विचारलं, “विषय तर वाचा.” सगळं कार्यालय गप्प. मग खरंच वाचावा लागला. आई सातवी शिकलीये. डबा मात्र तिने घेतला, चांगला आहे, त्यात लोणचं घातलंय.

पैठणकर
उदगिरी, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

तेरीज
उदगिरींच्या आईंनी पुढच्या सभेत आणखी एक विचारावं. कलम ७५ प्रमाणे संचालकांना आणि त्यांच्या कुटुंबातल्या माणसांना दिलेल्या कर्जांचं विवरण वार्षिक सभेपुढे ठेवावंच लागतं. कुणी मागितलं तर नव्हे, दर वर्षी. कुटुंब म्हणजे कोण तेही कायद्यात लिहिलंय: पती-पत्नी, आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, जावई-सून. बहुतेक अहवालांत हे पान शेवटी बारीक टाइपात असतं किंवा नसतंच. शिवाय कुठलाही सभासद कलम ३२ खाली शेवटचा तपासलेला ताळेबंद आणि सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं बघायला मागू शकतो.

गोदाकाठ, तुमची सभा झाली का?

गोदाकाठ
झाली. पाडव्याची गडबड होती म्हणून लिहायला उशीर झाला.

आधी व्यवस्थापकांशी बोललो, दुकानात बोलावून. चहा घेत तासभर बसलो. शाखेतला माणूस म्हणाले तसंच निघालं. ते म्हणाले, “सात वर्षं वाट बघतोय कुणीतरी विचारायची.” त्यांनी अकरा फायलींचा एक कागद करून दिला: मूळ कर्ज कधीचं, किती वेळा नवं-जुनं झालं, शेवटचा खरा हप्ता कधी आला. माझ्या नात्यातली फाईल चार वेळा फिरली होती. पण अकरांपैकी चार शेतकऱ्यांच्या निघाल्या, सोयाबीन पावसात गेलेलं. त्यांची गोष्ट वेगळी होती आणि ते काळी माती यांच्यामुळे मला आधीच दिसलं. मुदत वाढवून हप्ते पाडायचे, पण वहीत जसं आहे तसं लिहायचं, असं त्या चौघांचं ठरलं.

सभेत नात्यातली फाईल आली तेव्हा मी सांगितलं की कर्जदार माझे सोयरे आहेत, म्हणून मी चर्चेत बसत नाही, पण माझा नूतनीकरणाला विरोध आहे हे इतिवृत्तात लिहा. लिहिलेलं वाचून दाखवा म्हणालो, वाचल्यावर बाहेर गेलो. बाहेर पोर्चमध्ये उभा होतो, पाय कापत होते. पंधरा मिनिटांनी शिपाई बोलवायला आला. आणखी दोघांनी विरोध नोंदवला होता, त्यातल्या एक महिला संचालक आहेत, त्या आजवर सभेत कधी बोलल्या नव्हत्या. फाईल मंजूर झाली नाही. तारण ठेवलेल्या प्लॉटचं पुन्हा मूल्यांकन करायचं ठरलं. नफा कमी दिसेल, लाभांश बहुधा देता येणार नाही. औसेकर, तुमची भीती अध्यक्षांनी तिथं शब्दशः बोलून दाखवली. त्यावर आम्ही ठरवलं की मेमध्ये पिग्मी एजंटांना बसवून ताळेबंद समजावायचा, म्हणजे गावात जी बातमी जाईल ती आमच्या तोंडून आणि पूर्ण जाईल. पिग्मीताई, हे तुमचं.

चहाच्या गाड्यावर मी आणि त्या महिला संचालक गेलो. बाईंचा मुलगा दवाखान्यात होता म्हणून हप्ते चुकले होते. दोन महिन्यांनी सुरू करते म्हणाल्या. नोटीस काढली नाही.

पाटीचं मात्र जमलं नाही, बालाघाट. सातविरुद्ध सहा. पुढच्या सभेत पुन्हा आणणार आहे.

मावसभाऊ पाडव्याला आला नाही. मावशीचा फोन आला, तिने एवढंच विचारलं की दुकान कसं चाललंय.

औसेकर
गोदाकाठ, मी चुकलो असं म्हणत नाही, अजून दोन मार्च जाऊ द्या. पर त्या चार शेतकऱ्यांचं तुमी वेगळं काढलंत ते बरं झालं. आमच्या संस्थेत बी मांडून बगतो.

बालाघाट
सहा मतं पडली हेच मला जास्त वाटलं. पुढच्या खेपेला सातवं मिळवा. मजकूर मी लिहून देतो, वडिलांनी सांगितलेला.

गोदाकाठ
तेरीज साहेब, एक ठराव तयार केलाय: संचालकाच्या नातेवाइकाची कर्जफाईल आली की त्याने नातं सांगून बाहेर जायचं, आणि अशा कर्जांची एकूण रक्कम व थकबाकी दर तीन महिन्यांनी संस्थेच्या फलकावर लावायची, नावं न देता. बघाल का?

तेरीज
पाठवा. एक आत्ताच सांगतो, ‘नातेवाईक’ म्हणजे कोण ते ठरावातच लिहा. कायद्यातल्या यादीवर थांबू नका. त्यात मेहुणा नाही, साडू नाही, व्याही नाही, आणि आपल्याकडची निम्मी कर्जं तिथूनच जातात.

गोदाकाठ
मेहुणा आणि साडू घातलेत. व्याही राहिला होता. आत्ता घालतो.

पिग्मीताई
मावसभावाचे सासरे पण घाला, भाऊ.